गुरुवारची गाणी आणि ती करणारी माणसं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



‘तुमच्या आवडीच्या दत्तगीतांवर लिहा’ असा संपादकांचा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मला संकोच वाटला. मी गाणारी नाही. तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, गळा त्यातच बसला. पण रावेतला आमच्या सोसायटीत दर गुरुवारी आम्ही जो एक छोटासा अभ्यास करतो, त्याची हकीकत लिहिली तर इतर गावच्या मंडळींना तसा करता येईल, असं वाटलं. म्हणून हा खटाटोप.

रावेत म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. पवनेच्या काठचं हे जुनं गाव. पिंपरी-चिंचवडसाठी पिण्याचं पाणी उचलतात तो पवनेवरचा बंधारा आमच्याकडेच. गावठाणात अजून चार वाडे, मंदिरं, काकडआरती, हरिनाम सप्ताह सगळं आहे. आणि मुकाई चौकाकडे पाहिलं की बारा-चौदा मजली इमारतींच्या रांगा. त्यात राहणारे आम्ही लातूर, सोलापूर, सांगली, बुलढाणा, कुठकुठून आलेलो. कुणी चाकणला कंपनीत, कुणी हिंजवडीला. सकाळी सहाला कंपनीची बस, नाहीतर आकुर्डी स्टेशनवरून लोकल. एका मजल्यावरच्या चार दारांतल्या माणसांना एकमेकांची आडनावं माहीत नसतात. गुरुवारची आरती सुरू झाली तीही याच कारणाने, भक्ती थोडी आणि ओळखीपाळखी व्हाव्यात ही इच्छा जास्त. खोटं कशाला बोलू?

अभ्यास सुरू झाला तो माझ्या एका चुकीतून.

२०२२ ची दत्तजयंती. क्लब हाऊसमध्ये पाळणा, सुंठवडा, सगळं झालं. निवेदन माझ्याकडे, कारण मास्तरीण. एका मुलीने ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ फार गोड म्हटलं. टाळ्या पडल्या. मी माईक घेऊन ठोकून दिलं, ‘शेकडो वर्षं आपल्या घराघरात चालत आलेलं हे पारंपरिक पद.’ कार्यक्रम संपला, लोक प्रसादाच्या रांगेत गेले. मागच्या खुर्चीवरचे एक काका उठून माझ्याजवळ आले. बी विंगमधले, मुलाकडे राहणारे. लिफ्टमध्ये नमस्कार केला तर मान हलवायचे, त्यापलीकडे तीन वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

ते म्हणाले, ‘बाई, ते पारंपरिक नाही. ते आमच्या जोशींचं आहे. मी त्यांच्याशी बोललोय.’

मला वाटलं काकांचा काहीतरी घोटाळा होतोय. तरी वय पाहून मी ‘हो का?’ म्हटलं. तर त्यांचे ओठ थरथरायला लागले. ‘हो का नाही. लिहून घ्या. हणमंत नरहर जोशी. कवी सुधांशु. औदुंबर.’

घरी येऊन शोधाशोध केली. काका बरोबर होते, मी चूक होते. मराठी शिकवण्यात जन्म गेला आणि ज्या कवीला १९७४ साली पद्मश्री मिळाली, जो २००६ पर्यंत आपल्यात होता, त्याचं गाणं मी शेकडो वर्षं मागे ढकलून दिलं होतं! दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेले. चूक कबूल केली. म्हटलं, ‘काका, आता तुम्हीच सांगा.’ तो आमचा पहिला पाठ.

काका भिलवडीकडचे. पुण्यातल्या माणसाला भिलवडी माहीत असते ती दुधाच्या पिशवीमुळे. पण दत्तसंप्रदायात भिलवडीची ओळख फार जुनी आहे. कृष्णेच्या अलीकडे भिलवडीची भुवनेश्वरी आणि पलीकडच्या तीरावर औदुंबर. श्रीगुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायात ती कथा आहे. कोल्हापूरचा एक मुलगा, काही केल्या विद्या येईना, लोकांनी हिणवलेला. तो भुवनेश्वरीपुढे धरणे धरून बसतो, शेवटी आपली जीभ कापून देवीला वाहतो. देवी स्वप्नात सांगते, पलीकडच्या काठावर औदुंबराखाली एक यती आहेत, त्यांच्याकडे जा. तो नदी पोहून जातो आणि श्रीनृसिंहसरस्वती त्याला वाचा आणि विद्या दोन्ही देतात. महाराजांचा औदुंबरला एक चातुर्मास झाला. नंतर ते वाडीला बारा वर्षं राहिले आणि तिथून गाणगापूरला गेले.

सुधांशुंचा जन्म या औदुंबरचा, १९१७ सालचा. त्यांचं वेगळेपण असं की ते तिथेच राहिले. कवी म्हटला की पुणे-मुंबई गाठायची, रेडिओ आणि सिनेमाच्या ओळखी काढायच्या, ही त्या काळची रीत. यांनी घाट, नदी आणि देऊळ सोडलं नाही. उलट साहित्यिकांनाच औदुंबरला बोलावलं. तिथल्या सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन दरवर्षी संक्रांतीला भरतं, खेडेगावात, नदीकाठी. काका लहानपणापासून तिथे जायचे. त्यांच्या सांगण्यात मोठमोठ्या लेखकांची नावं फारशी येत नाहीत. येतं ते वेगळंच. पहाटेची थंडी, नावेतून पलीकडे जाणं, तिळगूळ, आणि सतरंजीवर पुढे बसलेल्या पोरांना ‘कोणाचा रे तू?’ विचारणारा धोतरातला माणूस.

आता गाण्याकडे बघू. ते इतकं सर्वांच्या तोंडी का बसलं? मी वर्गात शिकवल्यासारखं सांगते, रागावू नका. त्यात एकही अवघड शब्द नाही. दत्ताचं ध्यान सगळ्यांनी चित्रात पाहिलेलं असतं. तीन मुखं, सहा हात, गाय, श्वान. कवीने त्यात तत्त्वज्ञान भरलं नाही, चित्रच समोर ठेवलं, अनसूयेची कथा एका कडव्यात आटोपली, आणि ‘माझे’ हा शब्द पहिल्याच ओळीत ठेवला. दैवत ‘माझे’ म्हटल्यावर गाणारा आपोआप आत येतो. हे गाणं आर. एन. पराडकरांनी गायलं. पराडकर म्हटले की दत्तगीतं, असं समीकरण एका पिढीच्या मनात होतं. त्यांच्या गाण्यात दाखवण्यासाठी घेतलेली एकही तान नाही. ऐकणाऱ्याला ‘हे मला म्हणता येईल’ असं वाटतं, आणि लोक म्हणतात. लोक म्हणू लागले की पारंपरिक व्हायला किती वेळ लागतो? दहा-वीस वर्षं पुरतात.

सुधांशुंचं दुसरं गाणं तर सगळा महाराष्ट्र जाणतो, ‘देव माझा विठू सावळा’. सुमन कल्याणपूर यांचा स्वर, दशरथ पुजारींची चाल. आषाढीला शाळेत पोरींकडून मी ते किमान वीसदा बसवून घेतलं असेल. तेही कुणाचं आहे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा तेच ‘माझा’. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ‘तुम्ही आत्ता बघताय होय?’

असं का होतं, यावर आमच्या दुसऱ्या-तिसऱ्या गुरुवारी चांगली चर्चा झाली. गावठाणातल्या एक मावशी आहेत, शाळा चौथीपर्यंत, पण चारशे-पाचशे अभंग पाठ. त्या म्हणाल्या, ‘अहो बाई, आमच्या अभंगात सही असते की. तुका म्हणे आलं की तुकोबाचा, नामा म्हणे आलं की नामदेवाचा. तुमच्या गाण्यात सहीच नाही, मग इसरणारच.’

किती मोठी गोष्ट बोलल्या! याला आपण नाममुद्रा म्हणतो. दत्ताची आपण रोज म्हणतो ती ‘त्रिगुणात्मक’ आरती नाथमहाराजांची, हे कुणाला सांगावं लागत नाही. शेवटी ‘एका जनार्दनी’ येतंच, आणि त्यात त्यांनी नुसतं आपलं नाव नाही घातलं, गुरूंचंही घातलं. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी, दत्तभक्त. आपलं नाव गुरूच्या नावाशिवाय उच्चारायचंच नाही, असा नाथांचा नेम. तुकोबांचाही दत्ताच्या रूपावर अभंग आहे, आणि देहू तर रावेतपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या मावशींना तो अभंग येतो, तोही सहीसकट. लातूरच्या एका ताईंनी मग अंबाजोगाईच्या दासोपंतांची गोष्ट आणली. त्यांच्या पदांत ‘दिगंबरानुचर’ ही मुद्रा येते. मुद्रेतसुद्धा आपलं नाव नाही, दिगंबराचा सेवक एवढंच. हे दासोपंत सोळाव्या शतकातले. वडील दिगंबरपंत बिदरच्या राजवटीत देशपांडे. वसूल थकला म्हणून बादशहाने लहान दासोला ओलीस ठेवला आणि मुदत घातली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाच्या कुणा माणसाने येऊन सगळी रक्कम भरली आणि तो निघून गेला. कोण होता तो, हे दासोपंतांनी जन्मभर पदांतून सांगितलं. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी जवळजवळ चाळीस फूट लांबीच्या कापडावर ग्रंथ लिहिला. ती ‘पासोडी’ अजून आहे. ताईंची माहेरची माणसं अंबाजोगाईची, पण पासोडीबद्दल त्यांनी पहिल्यांदा वाचलं ते रावेतला येऊन, या गुरुवारच्या निमित्ताने.

तर नियम असा ठरला. दर गुरुवारी आरतीनंतर एकाने आपल्या आवडीचं एक गाणं आणायचं. म्हणायचं किंवा मोबाईलवर लावायचं. आणि त्याबरोबर लिहिलं कुणी, चाल कुणाची, गायलं कुणी, त्या माणसाचं आयुष्य काय, हे दहा मिनिटांत सांगायचं. मोबाईलवर दिसतं ते खरं मानायचं नाही. तिथे एकाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर सर्रास असतं. कॅसेटचं वेष्टण, जुनं पुस्तक, जाणता माणूस, यातलं एक तरी पाहिजे.

कॅसेटवरून आठवलं. आमच्यातल्या पन्नाशीच्या पुरुषमंडळींचं आवडतं गाणं विचारलं तर दहातले सात जण ‘निघालो घेऊन दत्ताची पालखी’ म्हणतात. हे गाणं प्रवीण दवणे यांचं, संगीत नंदू होनप यांचं, आवाज अजित कडकडे यांचा. कडकडे मूळचे गोव्याचे, पंडित जितेंद्र अभिषेकींचे शिष्य. अभिषेकींचं घराणं मंगेशीच्या देवळात अभिषेक करणारं, त्यावरूनच आडनाव. म्हणजे या गाण्यातला स्वर गोव्याच्या देवळाच्या ओसरीतून आलेला, शब्द ठाण्यातल्या मराठीच्या प्राध्यापकाचे, आणि ऐकला कुणी, तर एसटीच्या रातराणीत, ट्रकच्या केबिनमध्ये, रसवंतीगृहात! या गाण्याची चालच पायांची आहे. ऐकताना माणूस बसल्याजागी चालू लागतो. चाकणला फोर्कलिफ्ट चालवणारे एक भाऊ म्हणाले, रात्रपाळी सुटली की बसमध्ये ड्रायव्हर हेच लावतो आणि निम्मी बस झोपेत गुणगुणते. होनप २०१६ साली गेले. ते ऐकून भाऊ म्हणाले, ‘आमच्या बसमध्ये कुणालाच माहीत नसेल.’ पुढच्या पाळीला त्यांनी ते बसमध्ये सांगितलं म्हणे.

बडोद्याहून आलेल्या एक वहिनी आहेत, घरी मराठी, शाळा गुजराती. त्यांनी दत्तबावनी आणली. बावन्न ओळींचं गुजराती स्तोत्र, १९३५ मधलं, नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांचं. गुजरातेत दत्तभक्तांच्या घरी हे दर गुरुवारी असतंच. पण ते लिहिणारे आपलेच. पांडुरंग विठ्ठल वळामे, घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, जन्म गोध्र्याचा. लहानपणी वाडीला टेंबेस्वामींचं दर्शन झालं आणि तोच गुरूंचा शिक्का. एका आजारी बाईला बरं वाटावं म्हणून ही बावनी त्यांनी रचली. वहिनींना इथे रावेतला कुणापुढे गुजराती म्हणायची लाज वाटत होती. ‘लोक काय म्हणतील, मराठी असून गुजराती स्तोत्र!’ आता त्या म्हणतात आणि आम्ही मागून धरतो. उच्चार आमचे भयानक आहेत, पण त्या हसत नाहीत.

आता एका मोठ्या माणसाची गोष्ट. ही आमच्या मंडळातल्या सर्वांत लहान सभासदाने आणली, दहा वर्षांच्या मुलीने. ती पेटी शिकते, प्रवेशिकेच्या परीक्षेला बसणार होती. तिने विचारलं, ‘आजी, आमच्या परीक्षेत पलुस्करांची माहिती विचारतात. ते दत्ताचे होते का?’ मला प्रश्नच कळेना. मग तिच्या पुस्तकातलं वाक्य तिने वाचून दाखवलं.

पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. कुरुंदवाड म्हणजे नरसोबाच्या वाडीच्या शेजारचं संस्थान, मध्ये फक्त नदी. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. वडिलांचं नाव दिगंबर, यातच सगळं आलं. दत्तजयंतीचा उत्सव चालू होता, मुलं फटाके उडवत होती, एक फटाका छोट्या विष्णूच्या तोंडाजवळ फुटला. नजर कायमची अधू झाली. शाळा सुटली. इंग्रजी शिकून नोकरीला लागायचा रस्ता बंद झाला. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या कीर्तनकाराच्या मुलाने करायचं काय? गाणं. त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवलं. बुवांनी स्वतः फार हाल सोसून ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणलेली. दम्याने बेजार, पण विद्या अस्सल.

पुढे काय झालं ते संगीताच्या इतिहासात आहे. १८९६ मध्ये मिरज सोडली, हिंडत हिंडत लाहोरला गेले आणि ५ मे १९०१ ला तिथे गांधर्व महाविद्यालय काढलं. कुठल्या राजाच्या पैशांवर नाही, लोकवर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर. त्या काळी गवयी म्हटला की लोक नाक मुरडत. बाईने गाणं शिकणं तर अब्रूचा प्रश्न. पलुस्करांनी गाणं अभ्यासक्रमात बसवलं, स्वरलिपी केली, पुस्तकं छापली, भजनं म्हणत म्हणत ते सज्जनांच्या दिवाणखान्यात नेलं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य. १९३१ मध्ये ते मिरजेला गेले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्या मंडळाच्या परीक्षेला आमची ही दहा वर्षांची पोर रावेतहून बसणार होती.

मुलीने गोष्ट संपवली आणि विचारलं, ‘म्हणजे फटाका फुटला ते चांगलं झालं का?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा प्रश्नाला ‘देवाची लीला’ म्हणून उत्तर द्यायची आपली सवय आहे. मला तसं म्हणवेना. मी म्हटलं, ‘नाही बाळा, मुलाचे डोळे जाणं चांगलं कसं असेल? त्याला इतकं दुखलं असेल. त्याच्या आईला काय वाटलं असेल! नंतर त्या मुलाने आणि त्याला शिकवणाऱ्यांनी जे केलं ते चांगलं.’ मंडळातल्या एका आजोबांना हे पटलं नाही. त्यांच्या मते दत्तमहाराजांनीच ते घडवून आणलं, मिरजेला पाठवायचं म्हणून. त्यावर अर्धा तास वाद झाला, चहा गार झाला. अजून मिटलेला नाही. मात्र त्या वर्षीपासून आमच्या दत्तजयंतीला फटाके बंद झाले. आजोबांनीही त्याला हात वर केला.

आता शेवटचं गाणं. हे माझं. हे मी सगळ्यांच्या शेवटी आणलं, दीड वर्ष टाळून.

२०२१ च्या एप्रिलमध्ये हे गेले. कोरोनाची दुसरी लाट. बारा दिवस दवाखान्यात होते, आम्हाला आत सोडत नव्हते. मी गाडीत बसून करुणात्रिपदी म्हणायची. दिवसातून किती वेळा, मोजलं नाही. माहेरी शेजारतीला रोज म्हणत असू, त्यामुळे पाठ होतीच. तेराव्या दिवशी फोन आला. त्यानंतर करुणात्रिपदीचा एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. आरतीला मी जायची, बाकी सगळं म्हणायची, करुणात्रिपदी सुरू झाली की प्रसादाचं बघायला म्हणून उठायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं.

एका गुरुवारी ते म्हणाले, ‘बाई, तुमचं गाणं राहिलंय.’ मी म्हटलं, ‘माझं आवडतं गाणंच नाही.’ ते म्हणाले, ‘आवडतं नसू दे. टोचतं ते आणा.’

म्हणून मी बसले अभ्यासाला. प.प. वासुदेवानंद सरस्वती, टेंबेस्वामी. जन्म १८५४, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. समाधी १९१४, नर्मदाकाठी गरुडेश्वरला. सगळा भारत पायी फिरले. संस्कृतात आणि मराठीत प्रचंड लिहिलं. ‘दिगंबरा दिगंबरा’ हा जो घोष आपण करतो, तो अठरा अक्षरी मंत्र त्यांनीच दिलेला. त्या मंत्रात श्रीपादवल्लभांचं नाव आहे, देणाऱ्याचं कुठेच नाही. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, ‘त्यांनी सही केली नाही होय.’

करुणात्रिपदीची वाडीच्या परंपरेत सांगतात ती हकीकत अशी. पालखी चालू असताना उत्सवमूर्ती खाली पडली. केवढा अपशकुन! देव कोपले, आता काय होणार, म्हणून सगळे पुजारी आणि गावकरी घाबरले. तेव्हा स्वामींनी ही तीन पदं रचली आणि देवापुढे म्हटली.

हे वाचून मी पहिल्यांदा ती तीन पदं शब्द लावून, अर्थ बघत वाचली. पन्नास वर्षं पाठ, अर्थ कधी बघितला नव्हता! माझी समजूत अशी की हे संकटनाशक स्तोत्र आहे. म्हणायचं आणि संकट टळायचं. ते तसं नाहीच. म्हणणारा देवाला सांगतोय, आमच्या हातून चुका झाल्यात, नाकारत नाही. पण तू आई आहेस. आईच मारायला उठली तर लेकराने रडत जायचं कुणाकडे? राग आवर, एवढंच मागणं. आणि आणखी एक. मूर्ती स्वामींच्या हातून पडली नव्हती. अपराध दुसऱ्याचा, आणि विनवणारा मात्र ‘आमचं चुकलं’ म्हणतो. ज्याच्या हातून पडली तो कुठे असेल त्या वेळी? एखाद्या कोपऱ्यात तोंड लपवून बसला असेल. त्याच्या वतीने हे पद आहे.

मी हे गुरुवारी सांगितलं. सांगताना मला बोलावंच लागलं की त्यांना ताप आला त्या दिवशी ‘साधा सर्दीताप असेल, उद्या बघू’ असं मीच म्हटलं होतं. एक दिवस गेला. हे मी मुलांनाही सांगितलेलं नव्हतं. क्लब हाऊसमध्ये पंधरा-सोळा माणसं, कुणी काही बोललं नाही. मावशींनी टाळ खाली ठेवले. मग काकांनी पहिलं पद धरलं. अगदी खालच्या पट्टीत, संथ, वाडीला ऐकलं होतं तसं. दुसऱ्या पदाला मी त्यांच्यात आले. तिसरं सगळ्यांनी म्हटलं.

परत जाताना लिफ्टपाशी काकांनी त्यांची गोष्ट सांगितली. तीन वर्षं गप्प का होते ती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात माळ्यापर्यंत पाणी आलं. माणसं वाचली. पण ट्रंकेत वह्या होत्या, चाळीस वर्षांच्या संमेलनांत ऐकलेल्या कवितांच्या, लिहून घेतलेल्या. आणि एका पानावर सुधांशुंची सही. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत नुसता चिखल. ‘मुलगा म्हणाला, बाबा, चला रावेतला. आलो. इथं कुणाला सांगणार की वही गेली म्हणून? लोकांची घरं गेली होती.’

काकांना जेवढं आठवतंय तेवढं आम्ही आता लिहून घेतोय. मंगळवारी आणि शनिवारी, दुपारी चार ते पाच. लिहिते मी, कधी ती पेटीवाली मुलगी. कवितांपेक्षा माणसंच जास्त आठवतात त्यांना. सतरंजी कुणी घातली, नाव कोण वल्हवायचा, आभार मानताना कोण रडलं. एकशे चाळीस पानं झालीत. दोन प्रती काढल्यात, एक काकांच्या घरी पाचव्या मजल्यावर आणि एक माझ्याकडे नवव्या. काका म्हणतात, नवव्यापर्यंत कृष्णा येत नाही.

यंदाच्या दत्तजयंतीला निवेदन पुन्हा माझ्याकडे आहे. प्रत्येक गाण्याआधी तीन नावं सांगायची असं ठरलं आहे, कवी, चाल आणि गायक. ‘दत्त दिगंबर’ काका म्हणणार आहेत. आवाज आता फार चढत नाही, म्हणून मुलीने पेटी दोन सूर खाली घेतली आहे, रोज संध्याकाळी तालीम चालू आहे. पवनेकाठच्या मंडळींनी सायंकाळी सहाला यावं. सुंठवडा गावठाणातल्या मावशी करणार आहेत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥